बोगनवेल आणि मोरपंखी : अंगणाकरिता निवड

मलकापूर परिसरात फाटकावर बोगनवेल व वाटेच्या दुतर्फा मोरपंखी अशी लावगड करण्याची अनेकांस हौस असते. पावसाळ्यात दोन्ही सारखाच जोम धरतात. खरी कसोटी लागते ती मे महिन्यात, पारा ४० अंशांपुढे जातो आणि विहिरी तळ गाठतात तेव्हा.

मोरपंखी हा मूळचा चीनकडील सूचिपर्णी वृक्ष होय. त्यास फूल येत नाही. पराग वाऱ्यावर वाहतात व बी शंकूच्या खवल्यांवर उघडे धरते. म्हणून अशा वनस्पतींस प्रकटबीज म्हणतात. (किनाऱ्यावरील सुरूसही पुष्कळजण याच वर्गातील समजतात. ते खरे नव्हे. सुरू सपुष्प आहे. फळे तेवढी शंकूसारखी दिसतात.) बोगनवेल दक्षिण अमेरिकेतील. फ्रेंच दर्यावर्दी बूगँव्हिल याच्या सफरीत, १७६७ साली, वनस्पतिशास्त्रज्ञ कॉमेर्सों यास ती ब्राझीलमध्ये आढळली. तिचा जांभळा भाग पाकळ्यांचा नसून रंगीत छदांचा असतो. खरी फुले आत, लहान व पांढरट असतात.

शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा भेद मात्र निराळा आहे. पाण्याचा ताण पडला असता बोगनवेल पाने गाळते, पुष्कळदा त्याच ताणानंतर बहरते, आणि जुन्या खोडापर्यंत छाटली तरी पुन्हा फुटते. पाणी अधिक दिल्यास उलट पानेच माजतात. मोरपंखीचे तसे नाही. जुन्या, पर्णहीन लाकडावर तिला सहसा नवी फूट येत नाही. एका उन्हाळ्यात वाळलेली बाजू पुढे कितीही पाणी घातले तरी उघडीच राहते. आतील जुनी पाने तपकिरी होऊन गळणे हे स्वाभाविक असते. शेंडे वाळू लागले तर मात्र पाणी कमी पडत आहे असे समजावे.

येथील काळी जमीन पावसात पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळ्या तोडते. म्हणून दोहोंकरिता दोन फुटी खड्डा घेऊन मातीत मुरूम व कुजलेले शेणखत मिसळावे. बोगनवेलीची पेन्सिलीएवढी जाड, पक्व फांदी पावसाळ्यात लावावी. मुळ्या फुटण्यास वेळ लागतो, उपटून पाहू नये. उन्हाळाभर पाण्याची निश्चिती नसेल तेथे मोरपंखीचा नाद सोडावा. ती लावलीच तर पहिली दोन-तीन वर्षे बुंध्याभोवती कुटाराचे आच्छादन ठेवावे. मात्र ते खोडास लागू देऊ नये, नाहीतर वाळवी चढते.