नवा कॉम्प्रेसर घेण्याआधी एक स्टॉपवॉच घ्या

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी भोसरीतल्या एका कारखान्यात गेलो होतो. तक्रार एकच: "लाइनच्या टोकाला प्रेशर मिळत नाही." नवा कॉम्प्रेसर घ्यायचं जवळपास ठरलं होतं. मीही लगेच लॅपटॉप उघडून पाइपलाइनचं मॉडेल करायला बसलो. तिथले मेंटेनन्सचे काका म्हणाले, "गुरुवारी या. सुट्टी असते. हवा कुठे जाते ते कानांनी ऐका."

गुरुवारी एकही मशीन चालू नव्हतं. तरी कॉम्प्रेसर थोड्या थोड्या वेळाने लोड घेत होता. वापरणारं कोणीच नाही, म्हणजे ती सगळी हवा गळतीत जात होती.

ही गळती मोजणं सोपं आहे. मशिन्स बंद ठेवा, पण लाइनचे व्हॉल्व्ह उघडे ठेवा. कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर आणि किती वेळ अनलोडवर राहतो ते पाच-सहा वेळा मोजून सरासरी काढा. समजा लोड 90 सेकंद, अनलोड 210 सेकंद. 90 भागिले 300, म्हणजे गळती 30 टक्के. मात्र कॉम्प्रेसर लोड-अनलोड पद्धतीचाच हवा. व्हीएफडीवाल्याला हे गणित लागू नाही.

इथे एक गंमत लक्षात घ्या. हे 30 टक्के कॉम्प्रेसरच्या क्षमतेचे आहेत, वापराचे नाहीत. रोजचा सरासरी लोड 75 टक्के असेल, तर तयार होणाऱ्या हवेपैकी तब्बल 40 टक्के गळते! टक्केवारी लिहिताना 'कशाची' हे लिहाच. गाइड पहिला प्रश्न तोच विचारतात.

प्रेशर कमी पडलं की बहुतेक ठिकाणी सेटिंग वाढवतात. पण छिद्रातून जाणारी हवा प्रेशरबरोबर वाढते. म्हणजे उपायानेच आजार वाढतो. शिवाय 7 बारच्या आसपास प्रत्येक जादा बारसाठी वीज साधारण 6 ते 7 टक्के जास्त लागते. 3 मिलिमीटरचं एक छिद्र तीन-चार किलोवॉट खाऊ शकतं.

मग शोधायचं कुठे? क्विक कपलिंग, होजचे क्लॅम्प, रेग्युलेटर आणि अडकून उघडे राहिलेले ड्रेन व्हॉल्व्ह. साबणाचं पाणी लावा, बुडबुडे दिसतील. अल्ट्रासॉनिक डिटेक्टर मिळाला तर मशिन्सच्या आवाजातही काम होतं. सापडलेल्या जागी टॅग लावा, दुरुस्तीनंतर तीच चाचणी पुन्हा करा. आणि दर काही महिन्यांनी करत राहा, कारण गळती परत येतेच.

माझं मॉडेल चुकीचं नव्हतं. पण त्यात गळती शून्य धरली होती. तसंच पुढे गेलो असतो, तर नवा कॉम्प्रेसर मुख्यतः छिद्रांना हवा पुरवत बसला असता, आणि त्यावर माझ्या प्रबंधाचा शिक्का असता. तुम्ही सिनॉप्सिस लिहाल तेव्हा आपण काय न मोजता 'शून्य' धरलंय, ते एकदा तपासून बघा.