पन्नाशीतली ‘मुलं’

आमच्या आत्याचा मुलगा यंदा एक्कावन्न वर्षांचा झाला. त्याला डाउन सिंड्रोम आहे आणि अख्खी गल्ली त्याला ‘बाळ’ म्हणते. दूध, ब्रेड तोच आणतो, पण त्याच्या हातात पैसे कुणी देत नाही, दुकानात खातं आहे. यात काही खटकण्यासारखं आहे, असं मला कधी वाटलंच नव्हतं.

परवा ‘लोस निन्योस’ हा चिलीचा माहितीपट पाहिला. नावाचा अर्थ ‘मुलं’. माइते अल्बेर्दी या दिग्दर्शिकेने तो २०१६ साली केला. तिची मावशी डाउन सिंड्रोम असलेली. चित्रपटातली ही मुलं पन्नाशीच्या आसपासची आहेत. चाळीस वर्षं एकाच शाळेत येतात. सगळे वर्ग केव्हाच शिकून झाले, आता तिथेच केक बनवतात. अनिताला आंद्रेसशी लग्न करायचंय, घरचे परवानगी देत नाहीत. रिकार्डोला वेगळं राहायचंय. तो वृद्धाश्रमात मदतीला जातो, पण मिळकत इतकी थोडी, की हिशोब काही जुळत नाही.

यातले शिक्षक, नातेवाईक सगळे धूसर दिसतात. आधी मला वाटलं, आमचं नेटच गंडलंय! नंतर कळलं, ते मुद्दाम केलंय. स्पष्ट चेहरे फक्त या मित्रांचे. नाहीतर अशा घरांत नेहमी आपणच बोलतो.

अमेरिकेत १९८३च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षं होतं, आज ते ६०च्या आसपास आहे. म्हणजे आता ही मुलं आईवडिलांच्या मागे उरतात. आत्याची काळजी तीच आहे. आपल्याकडे १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे. त्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करून अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. आत्याचा अर्ज तीन वर्षांपासून कपाटात पडून आहे. पालक म्हणून कुणाचं नाव लिहायचं, यावर आम्हा भावंडांत नुसती चर्चा चालते. बाळदादाला मात्र आजवर कुणी विचारलेलं नाही. मीही नाही.

चित्रपट त्याच्याच शेजारी बसून पाहिला. खालची इंग्रजी वाक्यं मी मराठीत सांगत होते. संपल्यावर त्याने विचारलं, “रिकार्डोला घर मिळालं?”

आत्या चहा टाकायला उठली.