मोठ्या टायरचा हिशेब

आठवडी बाजाराला माल नेणाऱ्या आपल्या अनेक बांधवांकडे बोलेरो आहे. कच्च्या रस्त्यासाठी मोठे टायर बसवण्याचा शौक वाढला आहे. पण हिशेब पाहा. २१५/७५ आर १५ मापाचा टायर सुमारे ७०४ मिलिमीटर उंच, २३५/७५ चा ७३४. वाढले ३०, गाडी मात्र उचलली जाते निम्मीच, १५ मिलिमीटर! मीटर ६० दाखवील तेव्हा खरा वेग साडेबासष्टच्या आसपास असेल. जड चाकाला डिझेल जास्त, ब्रेकवर ताण. रोज डांबरावर धावणाऱ्या गाडीला मूळ मापच बरे. बदलायचेच तर रिम १५ चीच ठेवावी. गाठोडी भरून, स्टेअरिंग पूर्ण वळवून टायर घासतो का ते पाहावे. स्टेपनीही त्याच मापाची घ्यावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे.