आग विझली, तरी मास्क काढू नका

६ नोव्हेंबर २०२१. भाऊबीजेचा दिवस. नगरच्या जिल्हा रुग्णालयातील कोरोना अतिदक्षता विभागाला आग लागली आणि ११ रुग्ण दगावले. त्याच वर्षी जानेवारीत भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात शिशू कक्षातील आगीने १० बाळांचा जीव घेतला. बंदिस्त जागेतल्या आगीत अनेकदा ज्वाळांच्या आधी धूरच माणसाला गाठतो. त्या धुरात स्वतःहून शिरायला शिकणाऱ्या अग्निशमन दलातील नव्या जवानांविषयी आज बोलू.

राज्यात अग्निशामक म्हणून भरती होण्यासाठी साधारणपणे सहा महिन्यांचा अभ्यासक्रम लागतो. पाण्याचा पाइप सांभाळणे, शिडी चढणे, गाठी मारणे यांबरोबरच पाठीवर सिलिंडर घेऊन अंधाऱ्या, धुराने भरलेल्या खोलीत जाण्याचा सरावही असतो. रांगत, भिंतीचा हात न सोडता पुढे सरकायचे, जोडीदाराला एकटे टाकायचे नाही आणि परतीपुरती हवा शिल्लक असतानाच मागे फिरायचे. या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नव्हे, दाबाखाली भरलेली साधी हवा असते. घाबरलेला नवखा भराभर श्वास घेतो आणि ती लवकर संपवतो. म्हणून श्वास आवरणे हा या शिक्षणाचा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक अवघड आहे. ज्वाळा विझल्या, की घामाघूम झालेल्या जवानाला मास्क काढून मोकळा श्वास घ्यावासा वाटतो. पण धुमसणाऱ्या राखेतून कार्बन मोनॉक्साइड निघतच असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. गादी-सोफ्यातला फोम जळाला, तर सायनाइडचीही भर पडते. कोरोनाकाळात घरोघर पोहोचलेला ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेल्या हिमोग्लोबिनलाही तो ऑक्सिजनयुक्त समजतो आणि ९८ दाखवतो. त्यामुळे धुरातून आलेल्या माणसाचे डोके दुखत असेल, त्याला मळमळत असेल किंवा तो गोंधळल्यासारखा वागत असेल, तर आकड्यावर विसंबू नका. त्याला मोकळ्या हवेत आणा, ऑक्सिजन सुरू करा आणि रुग्णालयात हलवा.

तिसरी गोष्ट हृदयाची. जाड पोशाख आणि सिलिंडर मिळून वीसेक किलोंचे ओझे होते. आत घाम येतो, पण वाळत नाही, त्यामुळे शरीर थंड होत नाही. रक्त घट्ट होते, नाडी धावू लागते. अमेरिकेत कर्तव्यावर असताना मरण पावणाऱ्या अग्निशामकांमध्ये हृदय अचानक बंद पडणे हे एक प्रमुख कारण आहे. भरतीच्या दिवशी टेपने छाती मोजली, की काम संपत नाही. रक्तदाब, साखर, ईसीजी यांची तपासणी दरवर्षी व्हायला हवी. नगरच्या एप्रिल-मेच्या उन्हात कवायत पहाटे घ्यावी आणि प्रत्येक फेरीनंतर सावली, पाणी व विश्रांती द्यावी. चक्कर आल्याचे सांगणारा जवान कच्चा नसतो, शहाणा असतो.

२०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाच्या कामातील संपर्क हे कर्करोगाचे निश्चित कारण ठरवले. काजळी त्वचेतूनही शरीरात जाते. म्हणून आगीवरून आल्यावर आधी अंघोळ करावी. काजळीचे कपडे घरी नेऊ नयेत, घरच्या कपड्यांत धुऊ नयेत.

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीतील स्फोटात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी त्या दिवशी अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. शौर्याला सलाम करायलाच हवा. पण हा जवान निवृत्तीनंतरही धडधाकट राहावा, याची तयारी प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवसापासूनच करावी लागते.