पाळी हंड्याची की घराची?

मे महिन्यात वाडीत टँकर आला की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. एका घराचे दहा हंडे रांगेत, आणि एकटी राहणारी आजी आपली कळशी घेऊन शेवटी. अशीच रांग कॉम्प्युटरच्या आतही लागते. तिथे वाटप कसं करतात, ते आज बघू.

कॉम्प्युटरमध्ये प्रत्यक्ष काम करतो तो प्रोसेसर. १९६४ साली मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सीडीसी ३६०० हा मोठा कॉम्प्युटर आला. संशोधक आपलं गणित भोकं पाडलेल्या कार्डांवर द्यायचे आणि नंबराची वाट बघायचे. पुढच्याचं काम लांबलं की मागचे खोळंबले.

यावरचा उपाय अमेरिकेत एमआयटी या संस्थेने १९६१ सालीच करून दाखवला होता. सेकंदाचा छोटासा तुकडा एकाला, पुढचा दुसऱ्याला. फेरी इतकी जलद, की प्रत्येकाला वाटतं मशीन माझ्या एकटीचंच आहे. हे वाटप करणारी कारभारीण म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम.

पण खरी मेख पुढे आहे. समजा दोघी एकाच मशीनवर काम करतात. एकीने नऊ कामं लावली, दुसरीने एक. कामागणिक वाटलं तर पहिलीला शंभरातले ९० भाग, दुसरीला १०. हे बरोबर दिसतं, पण न्याय नाही. म्हणून आधी माणशी वाटतात: दोघींना पन्नास-पन्नास. पहिलीने आपल्या पन्नासात नऊ कामं बसवायची. दुसरीला तेवढं नको असेल, तर उरलेला वेळ वाया न घालवता पहिलीला देतात.

लिनक्स नावाच्या सिस्टीममध्ये २००७ साली वहीसारखा हिशोब आला: आतापर्यंत ज्याला सर्वांत कमी वेळ मिळाला, त्याची पाळी आधी. आपल्या अँड्रॉइड मोबाइलच्या तळाशी हीच लिनक्स आहे. तुम्ही समोर उघडलेल्या ॲपला जास्त वाटा मिळतो, मागे चालणाऱ्यांना कमी.

तुम्ही म्हणाल, ताई, सात माणसांच्या घराला पाणी जास्त लागणारच. बरोबर आहे. तिथेही कुणाचा वाटा मोठा ठेवता येतो. पण तो आधी ठरवून, जास्त हंडे आणले म्हणून नव्हे.

आपल्या गटात एका घरातल्या तिघी सभासद असतील आणि एक विधवा बहीण एकटी असेल, तर कर्जाची पाळी कशी मोजता? नावागणिक की घरागणिक? येत्या बैठकीत वही उघडा. सर्वांत कमी कुणाला मिळालं, ते आधी वाचा.