पाचशे तबकड्या आणि एक उसनी गाडी

आपल्या जुन्या घरांत आजोबांचा वस्तरा किंवा एखादी सुरी असेल, तर तिच्या पात्यावर ‘शेफिल्ड’ असा शिक्का आहे का, जरूर पाहा. उत्तर इंग्लंडमधलं हे शहर पोलादाचं. १९८० च्या दशकात तिथले कारखाने धडाधड बंद पडले आणि तरुण पोरं रिकामी झाली.

त्या काळात ब्रिटिश सरकारची एक योजना होती. बेकार माणसाने स्वतःचा धंदा काढला, तर वर्षभर आठवड्याला ४० पौंड मिळत. त्या पैशावर बऱ्याच जणांनी बँड काढले. स्टीव्ह बेकेट आणि रॉब मिचेल यांनी रेकॉर्डचं दुकान चालवलं. डिव्हिजन स्ट्रीटवरचं हे दुकान आधी ‘फॉन’ नावाने ओळखलं जाई. १९८९ मध्ये ते ‘वॉर्प’ झालं. खरं तर ‘वॉर्प्ड’, म्हणजे वाकडी झालेली, असं नाव ठरलं होतं. पण फोनवर ते धड ऐकू येईना, म्हणून शेपूट कापलं. (उन्हाने तबकडी कशी वाकते हे गोव्याच्या मंडळींना सांगायला नको. हणजूणच्या किनाऱ्यावरचे डीजे नव्वदीत व्हिनाइल सोडून डॅट टेप वापरत, त्यामागे उकाडा हे एक कारण होतंच.)

अशा दुकानात गिऱ्हाईक म्हणजे मुख्यतः डीजे. शिकागो, डेट्रॉइटहून आलेल्या तबकड्या ते काउंटरवर ऐकून घेत. कुठली तबकडी हातोहात जाते आणि कुठली धूळ खाते, हे दुकानदाराला कुठल्याही मोठ्या कंपनीच्या आधी कळतं. गावातली पोरंही स्वतः केलेलं संगीत घेऊन यायची. मग आपणच का छापू नये?

तिसरा भागीदार रॉबर्ट गॉर्डन हा ध्वनीचा जाणकार. माझ्या मते वॉर्पचा सुरुवातीचा आवाज मुख्यतः त्याचाच: वर बारीक, टोकदार ‘ब्लीप’ आणि खाली छातीत घुमणारा खर्ज. हा खर्ज रेगेच्या साउंड सिस्टिममधून आलेला. पहिली तबकडी १९८९ चीच, ‘ट्रॅक विथ नो नेम’. करणारे ‘फोर्जमास्टर्स’, म्हणजे स्वतः गॉर्डन, शॉन माहर आणि दुकानातच काम करणारा विन्स्टन हेझल. नाव घेतलं होतं गावातल्याच पोलाद कारखान्याचं. सरकारी पैशातून ५०० प्रती काढल्या आणि उसन्या गाडीत घालून दुकानोदुकानी पोचवल्या.

वर्षभरातच, १९९० च्या जुलैत, लीड्सच्या दोन पोरांच्या ‘एलएफओ’ची याच नावाची तबकडी ब्रिटिश यादीत १२ व्या क्रमांकावर गेली.

यश आलं तसे मतभेदही आले. गॉर्डन लवकरच बाहेर पडला. ज्याच्या कानावर सगळं उभं राहिलं, त्याचं नाव आज वॉर्पच्या गोष्टीत सगळ्यात कमी घेतलं जातं, हे मला खटकतं. उरलेल्या दोघांनी वेगळी वाट धरली. १९९२ च्या ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’ या संग्रहाच्या मुखपृष्ठावर आरामखुर्चीत पहुडलेला यंत्रमानव आहे आणि जमिनीवर पिंक फ्लॉइड, क्राफ्टवेर्क यांच्या तबकड्या पडल्या आहेत. नाचून आल्यावर घरी बसून ऐकायचं संगीत, असा त्याचा अर्थ. एफेक्स ट्विन, ऑटेकर, पुढे बोर्ड्स ऑफ कॅनडा ही नावं यातूनच जगभर गेली. ‘एआय’ हे शब्द आज आपल्या तोंडी आहेत, तेव्हा ते नाचणाऱ्या पोरांच्या तबकडीवर होते!

२००० च्या सुमारास कंपनी लंडनला गेली. २००१ मध्ये मिचेलचं कर्करोगाने निधन झालं. त्यानंतरही वॉर्प कुठल्या बड्या कंपनीच्या पोटात गेलेली नाही. तिच्यातून निघालेल्या ‘वॉर्प फिल्म्स’ने २००६ मध्ये ‘धिस इज इंग्लंड’ केला.

फोर्जमास्टर्स हा पोलाद कारखाना अजून चालू आहे. २०२१ मध्ये तो ब्रिटनच्या संरक्षण खात्याने विकत घेतला. डिव्हिजन स्ट्रीटवरचं ते दुकान मात्र आता नाही.