वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या राजदूत ३५० ला थेट किक मारू नका, आधी दोन्ही कार्ब उघडा

१९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाची आरडी ३५० भारतात ‘राजदूत ३५०’ म्हणून आणली. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक. तेव्हा ‘पेट्रोल फार पिते’ म्हणून लोकांनी नाकं मुरडली. आज तीच गाडी मिळवण्यासाठी लोक जिवाचं रान करतात.

अशी एखादी गाडी भातसानगर, शहापूर, मुरबाडकडच्या घरात ताडपत्रीखाली उभी असेल, तर ती सुरू करायची घाई करू नका. आधी कार्बोरेटर बघा. हिला प्रत्येक सिलिंडरसाठी एक, असे दोन कार्ब आहेत.

उभ्या गाडीत बिघडतं काय?

कार्बच्या खालच्या वाटीत थोडं पेट्रोल कायम साठलेलं असतं. ते उडून जातं आणि मागे चिकट थर राहतो. हाच थर जेटची भोकं बुजवतो. त्यात आता पंपावर २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. धरणाशेजारचा चार महिन्यांचा पाऊस धरला, तर आतला धातू गंजणारच.

पण गाडी सुरू झाली तर?

खरा धोका तिथेच आहे. एका कार्बचा मेन जेट अर्धवट तुंबला, तरी गाडी सुरू होऊ शकते. मात्र त्या सिलिंडरला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते. कसारा किंवा माळशेज घाट चढताना तो सिलिंडर तापतो, पिस्टन जाम होतो आणि मागचं चाक लॉक होऊ शकतं.

मग करायचं काय?

टाकी आणि वाटीतलं जुनं पेट्रोल काढा. हे काम मोकळ्या हवेत करा, जवळपास विडी-काडी नको. टाकीत गंज असेल तर आधी तो काढा, नाहीतर साफ केलेला कार्ब परत तुंबेल.

एका वेळी एकच कार्ब उघडा, म्हणजे पार्ट मिसळणार नाहीत. एअर स्क्रू काढण्याआधी तो पूर्ण आत जाईपर्यंत किती फेरे बसतात ते मोजून लिहून ठेवा. रबरी भाग बाजूला काढा आणि मगच क्लीनर मारा, कारण क्लीनरने रबर फुगतं. जेटमध्ये तार घालू नका. ही भोकं मिलिमीटरच्या काही भागाइतकी बारीक असतात, थोडी जरी मोठी झाली तरी मापच बदलतं. क्लीनरमध्ये भिजवून हवा मारा.

गॅस्केट, ओ-रिंग नव्या टाका. कार्ब आणि इंजिनमधल्या रबराला तडा असेल तर तोही बदला, तिथूनही जास्तीची हवा आत जाते. शेवटी ॲक्सिलेटर पिळल्यावर दोन्ही स्लाइड एकाच वेळी उचलतात का, हे मेकॅनिककडून जुळवून घ्या. ऑइल पंप चालतोय ना, हेही तपासा.

आणि पावसाळ्याआधी गाडी उभी करताना कॉक बंद करून वाटी रिकामी करा. पाच मिनिटांचं काम आहे, पण पुढच्या वर्षीचा खर्च वाचतो.